वाचकांचे प्रश्न : गाव वाढले, आता नगरपंचायत कशी मिळेल?

या वेळच्या टपालात एकाच विषयाने सर्वाधिक जागा व्यापली आहे. पत्रे निरनिराळ्या जिल्ह्यांतून आली असली, तरी पत्रलेखकांची गावे एकाच अवस्थेतून जात आहेत. वस्ती शहराएवढी झाली आहे, कारभार मात्र अजून ग्रामपंचायतीच्या दोन खोल्यांतून चालतो. नगरपालिका प्रशासनात अनेक वर्षे काम केल्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. म्हणून या अंकातील संपूर्ण सदर त्यालाच दिले असून, सारख्या आशयाच्या पत्रांचे एकत्रित उत्तर दिले आहे.

प्रश्न : आमचे गाव महामार्गालगत आहे. शेजारी औद्योगिक वसाहत झाल्यापासून भाड्याच्या खोल्या, चाळी आणि इमारती इतक्या वाढल्या आहेत की जुने गावठाण शोधावे लागते. २०११ च्या जनगणनेत मात्र आमची लोकसंख्या दहा हजारांच्या आत होती. आम्हाला नगरपंचायत मिळू शकते का? — एक सेवानिवृत्त शिक्षक, पुणे जिल्हा

उत्तर : आपल्या प्रश्नाची खरी अडचण त्या जनगणनेच्या आकड्यात आहे, म्हणून आधी कायद्याची चौकट सांगतो.

राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि तिने नागरी स्वराज्य संस्थांचे तीन प्रकार ठरवून दिले. ग्रामीण अवस्थेतून नागरी अवस्थेत जाणाऱ्या, म्हणजे संक्रमणशील क्षेत्रासाठी नगरपंचायत, लहान नागरी क्षेत्रासाठी नगरपरिषद आणि मोठ्या नागरी क्षेत्रासाठी महानगरपालिका. एखादे क्षेत्र कोणत्या प्रकारात मोडते हे ठरवताना कोणत्या गोष्टी पाहायच्या, ते अनुच्छेद २४३-क्यूमध्ये नमूद आहे. तेथील लोकसंख्या, लोकसंख्येची घनता, स्थानिक प्रशासनासाठी मिळणारा महसूल, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण, त्या ठिकाणाचे आर्थिक महत्त्व आणि राज्यपालांना योग्य वाटतील असे इतर घटक, अशी ती यादी आहे. आपल्या राज्यात या तरतुदीला तपशील देणारा कायदा म्हणजे महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. त्यानुसार सर्वसाधारणपणे १०,००० ते २५,००० लोकसंख्येच्या संक्रमणशील क्षेत्राला नगरपंचायत आणि २५,००० किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या क्षेत्राला नगरपरिषद मिळू शकते. नगरपरिषदांचे पुढे वर्ग पडतात. एक लाखावर लोकसंख्या असेल तर ‘अ’ वर्ग, ४०,००० च्या वर आणि एक लाखापर्यंत असेल तर ‘ब’ वर्ग, आणि त्याखाली ‘क’ वर्ग.

आता अडचणीकडे येतो. घटनेच्या या भागात ‘लोकसंख्या’ या शब्दाची व्याख्याच दिलेली आहे. ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत अशा सर्वांत अलीकडच्या जनगणनेत मोजलेली लोकसंख्या, असा तिचा अर्थ आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे आपल्या गावात आज कितीही माणसे राहत असली, तरी नवे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत कायद्याच्या दृष्टीने २०११ चाच आकडा धरला जातो. ज्या गावांची वाढ नेमकी या मधल्या काळात झाली, त्यांच्यावर यामुळे अन्याय झाला आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पाणी, गटार आणि कचरा यांचा भार आजच्या माणसांचा असतो आणि हक्क मात्र पंधरा वर्षांपूर्वीच्या मोजणीवर ठरतो.

पुढची जनगणना २०२७ ची आहे आणि तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. मोजणीच्या काळात एखादे गाव दोनदा मोजले जाऊ नये किंवा सुटू नये, यासाठी गाव, तालुका, शहर यांच्या सीमा गोठवल्या जातात. या जनगणनेसाठी सीमांमधील बदल ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच करावेत, असे राज्यांना कळवण्यात आले होते. म्हणजे सीमा गोठलेल्या असताना नव्या नगरपंचायतीची अंतिम अधिसूचना निघण्याची आशा धरू नये. मात्र हा काळ वाया घालवण्याचा नाही, तयारीचा आहे. मोजणीच्या वेळी गावातील प्रत्येक भाडेकरू कुटुंबाची नोंद होईल याकडे लक्ष द्या. मतदार यादीत नाव मूळ गावी असलेला कामगार जनगणनेत मात्र जेथे राहतो तेथेच मोजला जातो, हे अनेकांना ठाऊक नसते. चाळीच्या मालकाने ‘येथे कोणी राहत नाही’ असे सांगून टाकले, तर ती माणसे गावाच्या आकड्यातून कायमची गळतात.

लोकसंख्येखेरीज इतर निकषांचा पुरावा आपल्याला आजच गोळा करता येईल. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या, म्हणजे मिळकतींच्या करआकारणीच्या नोंदवहीत निवासी मिळकती किती आणि व्यापारी व औद्योगिक मिळकती किती, गेल्या पाच वर्षांत घरपट्टी व पाणीपट्टीची मागणी आणि वसुली किती झाली, वीजजोडण्या किती आहेत, शाळांचा पट किती वाढला आणि शेतीवर पोट असणारी कुटुंबे किती उरली, हे सर्व सरकारी दप्तरांतून मिळते. नुसती मागणी करणारी निवेदने मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्यासोबत असे तक्ते जोडलेले असतील, तर जिल्हाधिकारी कार्यालयातील टिपणी निराळी लिहिली जाते.

दहा हजारांच्या आतील काही गावांना नगरपंचायत कशी मिळाली, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. २०१४ मध्ये राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचे धोरण स्वीकारले. त्यात लहान वस्तीची अनेक तालुका मुख्यालये आली. तो नियम तालुक्याच्या गावांपुरता होता, त्यामुळे आपल्या गावाला त्याचा आधार घेता येणार नाही.

प्रश्न : नगरपंचायतीसाठी अर्ज नेमका कोठे करायचा? ग्रामसभेने एकमताने ठराव केला तर सरकारला तो मान्य करावाच लागतो का? — एक ग्रामपंचायत सदस्य, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : तसा विहित नमुन्यातील अर्ज नाही आणि ठराव सरकारवर बंधनकारकही नाही. अधिकार राज्यपालांच्या नावे, म्हणजे प्रत्यक्षात राज्य सरकारचा आहे आणि त्याची फाईल मंत्रालयात नगरविकास विभागात चालते. व्यवहारात सुरुवात ग्रामसभेच्या ठरावाने होते. तो गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांच्यामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जिल्हाधिकाऱ्यांचा अहवाल शासनाकडे जातो. शासनाला प्रस्ताव पटला तर राजपत्रात प्रारूप अधिसूचना प्रसिद्ध होते. तिच्या अनुसूचीत नव्या क्षेत्राच्या चतुःसीमा आणि गट क्रमांक दिलेले असतात. त्यानंतर हरकती व सूचना मांडण्यासाठी रहिवाशांना किमान ३० दिवसांची मुदत मिळते. हरकती जिल्हाधिकारी ऐकतात, त्यांवर अभिप्राय देतात आणि मग शासन अंतिम निर्णय घेते.

येथे थोडे मागे जाणे उपयोगाचे ठरेल. आपल्या भागात नगरपालिकांची सुरुवात ज्या कायद्याने झाली, तो १८५० चा २६ वा कायदा लोकांच्या इच्छेवर आधारलेला होता. एखाद्या गावच्या रहिवाशांना तो कायदा हवा आहे, अशी सरकारची खात्री पटली तरच तो तेथे लागू होत असे. परकीय राजवटीच्या काळात जी गोष्ट रहिवाशांच्या मागणीवर अवलंबून होती, ती आज पूर्णपणे सरकारच्या अधिसूचनेवर अवलंबून आहे, हे मला खटकते. मागणी करणाऱ्या गावाला ठरावीक मुदतीत, कारणांसह उत्तर देण्याचे बंधन तरी शासनावर असायला हवे.

न्यायालयांनी या बाबतीत काय म्हटले आहे, तेही लक्षात ठेवावे. हिमाचल प्रदेशातील बलदेव सिंग खटल्यात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ग्रामीण भाग नागरी क्षेत्रात घेतल्याने लोकांवर कराचा बोजा आणि इतर परिणाम होतात, म्हणून त्यांना आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे. दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, कल्याण महानगरपालिकेच्या रचनेतून उल्हासनगर वगळण्यावरून उद्भवलेल्या सुंदरजस भाथिजा खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की अशी संस्था स्थापन करणे हे कायदे करण्याच्या स्वरूपाचे काम आहे आणि कायद्याने ठरवून दिलेल्या प्रक्रियेपलीकडे सुनावणीचा आग्रह धरता येणार नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर तात्पर्य असे निघते की हरकती मागवल्या नाहीत किंवा ऐकल्या नाहीत, तर आपण न्यायालयात दाद मागू शकतो. मात्र प्रक्रिया नीट पाळली गेली असेल, तर ‘निर्णय आमच्या मनासारखा नाही’ एवढ्या कारणावरून तो सहसा रद्द होत नाही.

म्हणून ते ३० दिवस फार मोलाचे आहेत. नगरपंचायत हवी असणारे लोक या काळात गप्प बसतात आणि विरोधकच हरकती नोंदवतात, असे मी वारंवार पाहिले आहे. आपल्याला ती हवी असेल तर समर्थनाच्या सूचनाही लेखी द्या, पोच घ्या आणि अनुसूचीतील गट क्रमांक तपासा. गावाची विहीर, पाणवठ्याची जागा, स्मशानभूमी किंवा एखादी वाडी अनुसूचीबाहेर राहिली असेल, तर ती चूक पुढे दुरुस्त करण्यासाठी पुन्हा सर्व प्रक्रिया करावी लागते.

प्रश्न : मी शेतमजूर आहे. आमच्या गावात नगरपंचायत होणार म्हणतात. गाव शहर झाले की रोजगार हमीचे काम बंद होईल, घरकुल मिळणार नाही, घरपट्टी तिप्पट होईल आणि जमिनी सरकारजमा होतील, असे लोक सांगतात. यातले खरे किती? — एक वाचक भगिनी, बीड जिल्हा

उत्तर : ताई, आपण विचारलेल्या चार गोष्टींपैकी पहिली खरी आहे, दुसरी अर्धी खरी आहे, तिसरी बरीचशी आपल्या हातात आहे आणि चौथी ज्या शब्दांत सांगितली जाते त्या शब्दांत खोटी आहे.

ग्रामीण रोजगाराची हमी ही नावाप्रमाणेच ग्रामीण क्षेत्रासाठी असते. नगरपंचायत झाली की ते क्षेत्र कायद्याने नागरी ठरते आणि तेथील कुटुंबांचा त्या हमीवरचा हक्क संपतो. ज्या गावातील निम्मी घरे अजून मजुरीवर जगतात, त्या गावासाठी ही लहान गोष्ट नाही. गावातील पुढारी नगरपंचायतीचे फायदे सांगताना याचा उल्लेख टाळतात, हे मला मुळीच योग्य वाटत नाही. ज्यांचे यात थेट नुकसान आहे त्यांना आधी आणि स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आपण हा मुद्दा हरकतीत अवश्य मांडावा. आपल्या भागातील शेतीवर अवलंबून असलेल्या वाड्या नगरपंचायतीच्या हद्दीतून वगळून शेजारच्या ग्रामपंचायतीला जोडाव्यात किंवा त्यांची स्वतंत्र ग्रामपंचायत करावी, अशी मागणी करण्यास जागा असते.

घरकुलाचे असे आहे की प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण आणि शहरी असे दोन वेगळे भाग आहेत. ग्रामीण यादीत नाव असलेल्या कुटुंबाला क्षेत्र बदलल्यावर शहरी भागातून नव्याने अर्ज करावा लागू शकतो आणि तेथे जागेच्या मालकीची कागदपत्रे अधिक काटेकोरपणे मागितली जातात. ज्यांना घरकुल मंजूर झाले आहे त्यांनी रूपांतरापूर्वी काम सुरू करून घ्यावे आणि मंजुरीचे सर्व कागद सांभाळून ठेवावेत.

घरपट्टी वाढते, हे नाकारण्यात अर्थ नाही. नगरपंचायतीत मिळकतींचे नव्याने मोजमाप होते, पुढे दर चार वर्षांनी फेरआकारणी होते आणि स्वच्छता, पाणी, दिवाबत्ती, अग्निशमन अशा सेवांचा खर्च त्या कराशी जोडला जातो. मात्र मुख्याधिकाऱ्याने मनात येईल तो दर लावला, असे होत नाही. कराचे दर ठरावाने ठरतात, आकारणी यादी प्रसिद्ध करावी लागते, प्रत्येक मिळकतधारकाला हरकत घेण्याची मुदत मिळते आणि त्या हरकतीवर सुनावणी होते. आपल्या घराचे क्षेत्रफळ जास्त लावले आहे का, पत्र्याचे घर पक्क्या घरात धरले आहे का, एवढे तपासून वेळेत हरकत दिली, तरी अनेकांचा कर कमी होतो. लोक नोटीस घरात ठेवून देतात आणि बिल आल्यावर मोर्चा काढतात. तोपर्यंत मुदत गेलेली असते.

जमिनीबाबत एवढेच सांगतो की नगरपंचायत झाल्याने सातबारा बदलत नाही. मालकी जशी होती तशीच राहते आणि महसुली नोंदी तलाठ्याकडेच राहतात. पण नगरपंचायत ही महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खालील नियोजन प्राधिकरण होते आणि तिला गावाची विकास योजना तयार करावी लागते. त्या योजनेत रस्ता, शाळा, बाग, बाजार यांसाठी काही जमिनींवर आरक्षण पडू शकते. आरक्षण म्हणजे ताबडतोब जप्ती नव्हे. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत ती जमीन घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपुष्टात येते. प्रारूप विकास योजना प्रसिद्ध होते तेव्हा नकाशा स्वतः जाऊन पाहावा. तेथेही हरकतीची संधी असते.

विकास योजनेमुळे जमिनी अडकतात असे म्हणणाऱ्यांना मी नेहमी उलट विचारतो की ती नसल्यामुळे काय झाले, ते आपल्या गावात दिसत नाही का? ओढ्यावर घरे, सहा फुटी गल्ल्या, अग्निशमनाची गाडी आत न जाणे आणि खेळायला एक मोकळी जागा न उरणे, हे सारे योजना नसल्याचे परिणाम आहेत. नगरपंचायतीने मिळणारे सर्वांत मोठे साधन कोणते असे कोणी विचारले, तर मी निधीचे नाव घेणार नाही, विकास योजनेचे घेईन. आणि तिचा उपयोग गाव पूर्ण दाटीवाटीने भरण्याआधीच होतो.

प्रश्न : जनगणनेच्या पुस्तकात आमच्या गावापुढे ‘शहर’ असे लिहिले आहे. मग येथे अजून सरपंच कसे? — एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : जनगणनेचे शहर आणि कायद्याचे शहर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किमान ५,००० लोकसंख्या, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे, या तीन कसोट्यांना उतरणाऱ्या गावाला जनगणना विभाग आपल्या आकडेवारीपुरते ‘जनगणना शहर’ म्हणतो. त्याने ग्रामपंचायत संपत नाही आणि एक रुपयाही जास्त मिळत नाही. देशात २००१ मध्ये अशी १,३६२ गावे होती, २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. कागदावर शहर आणि कारभारात गाव अशा अवस्थेत किती मोठी लोकसंख्या राहते, ते या वाढीवरून समजते. ही नोंद आपल्या प्रस्तावाला मात्र जरूर जोडावी, कारण बिगरशेती रोजगाराचा तो अधिकृत पुरावा आहे.

प्रश्न : आमचे गाव महानगरपालिकेच्या हद्दीला लागून आहे. काही जण म्हणतात पालिकेत जाऊ, काही म्हणतात ग्रामपंचायत ठेवू आणि आम्ही काही तरुण स्वतंत्र नगरपरिषदेची मागणी करत आहोत. आपले मत काय? — रहिवासी संघाचे कार्यकर्ते, ठाणे जिल्हा

उत्तर : आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घ्या. कल्याण महानगरपालिका १९८३ मध्ये झाली तेव्हा लगतची २७ गावे तिच्यात घेतली गेली. दीर्घ आंदोलनानंतर २००२ मध्ये ती वगळली गेली. २०१५ मध्ये ती पुन्हा कल्याण-डोंबिवलीत आली. २०२० मध्ये त्यांपैकी १८ गावांची वेगळी नगरपरिषद करण्याची अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. या प्रत्येक वळणावर मधल्या काळात बांधकाम परवानगी कोणी द्यायची, पाण्याचे बिल कोणी भरायचे आणि रस्ता कोणी करायचा, हे अनिश्चित राहिले, आणि अनधिकृत बांधकामांना नेमके तेच हवे होते. गावाने कोणत्याही बाजूचा निर्णय घेतला असता तरी चालले असते, पण जवळजवळ चाळीस वर्षांची ही ये-जा त्या गावांना फार महागात पडली, असे मला वाटते.

दुसरे उदाहरण पुण्याजवळचे आहे. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ मध्ये इतर गावांसोबत पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. कर शहराचा आणि सोयी गावाच्या, ही तेथील रहिवाशांची तक्रार होती. अखेर ही दोन गावे पालिकेतून वगळली गेली आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद स्थापन झाली. शहराच्या कुशीतील गावालाही स्वतंत्र संस्था मिळू शकते, हे त्यावरून सिद्ध होते.

माझे मत विचाराल तर मी भावनेपेक्षा पाणी आणि कचरा यांवरून निर्णय करीन. आपल्या गावाला स्वतःचा जलस्रोत किंवा पाणीपुरवठा योजनेत स्वतःचा निश्चित वाटा आहे का? घनकचरा प्रक्रियेसाठी जागा आहे का? मैलापाणी कोठे सोडणार? या तिन्हींची उत्तरे ‘शेजारच्या महानगरपालिकेकडून’ अशी असतील, तर स्वतंत्र नगरपरिषद नावालाच स्वतंत्र राहील आणि प्रत्येक उन्हाळ्यात तिचे पदाधिकारी पालिकेच्या दारात उभे राहतील. अशा वेळी एकट्या गावाऐवजी शेजारच्या तीन-चार गावांनी मिळून एक नगरपरिषद मागणे शहाणपणाचे असते. कायद्यात तशी आडकाठी नाही, आणि एकत्रित लोकसंख्या व उत्पन्नावर कर्मचारी, यंत्रसामग्री आणि योजना परवडतात. गावागावांतील मानपान बाजूला ठेवून एका नावावर एकमत करणे हेच त्यातले अवघड काम आहे, आणि ते आपल्यासारख्या तरुणांनी अंगावर घ्यावे.

मात्र ‘काहीच नको, ग्रामपंचायतच बरी’ हा पर्याय महानगराच्या सीमेवर फार काळ टिकत नाही. गावाने स्वतः काही ठरवले नाही, तर दुसरे कोणी ठरवते. ग्रामपंचायतीला जास्तीत जास्त १७ सदस्य, एक ग्रामपंचायत अधिकारी आणि मोजके कर्मचारी असतात. वीस-पंचवीस मजल्यांच्या इमारतींचे मैलापाणी आणि अग्निसुरक्षा यांची जबाबदारी त्यांच्यावर टाकणे त्यांच्यावरही अन्यायाचे आहे.

प्रश्न : आमच्याकडे नगरपंचायतीची अंतिम अधिसूचना निघाली. ग्रामपंचायत बरखास्त झाली, तहसीलदार साहेब प्रशासक झाले, पण निवडणूक कधी हे कोणीच सांगत नाही. पूर्वी ग्रामसभेत निदान विचारता तरी येत होते. आता कोणाला विचारायचे? — माजी उपसरपंच, जळगाव जिल्हा

उत्तर : आपले दुःख मी समजू शकतो, आणि ते केवळ आपले नाही. घटनेने निवडून आलेल्या नागरी संस्थेची मुदत पाच वर्षे ठरवली आहे आणि मुदत संपण्यापूर्वी पुढची निवडणूक झाली पाहिजे असे बजावले आहे. २००६ मध्ये किशनसिंग तोमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य निवडणूक आयोगांना याची कडक आठवण करून दिली होती. तरीही महाराष्ट्रात इतर मागासवर्गीय आरक्षणाच्या वादामुळे शेकडो संस्था वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिले, तेव्हा कोंडी फुटली.

नव्या नगरपंचायतीत निवडणुकीपूर्वी १७ प्रभागांची रचना करावी लागते, आरक्षणाची सोडत काढावी लागते आणि प्रभागनिहाय मतदार यादी प्रसिद्ध करावी लागते. १७ पैकी निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. यांपैकी कोणता टप्पा अडला आहे, हे जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि राज्य निवडणूक आयोगाला लेखी विचारा. मोघम प्रश्नाला ‘कार्यवाही सुरू आहे’ असे मोघम उत्तर येते, म्हणून टप्प्याचे नाव घेऊन विचारावे.

ग्रामसभेबद्दल आपण लिहिले ते मला फार पटले. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला जमणारी ग्रामसभा कितीही गोंगाटाची असली, तरी तेथे कोणतीही बाई किंवा बाप्या उठून जमाखर्च विचारू शकत होता. नागरी कायद्यात याला तोडीस तोड काही नाही. घटनेतील प्रभाग समित्यांची सक्ती तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरती आहे. २००९ मध्ये राज्याने कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे त्या त्या परिसरातील मतदारांच्या सभेची तरतूद केली, पण ती प्रत्यक्षात फारशी उतरली नाही. आपल्या गावाने ती मागावी. निवडणूक लागेपर्यंत प्रशासकांना वर्षातून चार वेळा खुली सभा घेण्याची विनंती करा. कायद्याने ते तसे करण्यास बांधील नाहीत, पण त्यांना कोणी मनाईही केलेली नाही, आणि काही अधिकारी आनंदाने तयार होतात. शिवाय प्रशासक सर्वसाधारण सभेचे अधिकार वापरून जे ठराव करतात ते सार्वजनिक दस्तऐवज असतात. माहितीच्या अधिकाराखाली त्यांच्या प्रती आणि मासिक जमाखर्च मागवता येतो.

आणखी एका गोष्टीकडे या काळात लक्ष असू द्या. ग्रामपंचायतीच्या जुन्या कर्मचाऱ्यांचे समावेशन मंजूर आकृतिबंधानुसार (पदांच्या ठरलेल्या संख्येनुसार) आणि त्यांच्या पात्रतेनुसार होते. पाणी सोडणारे आणि झाडलोट करणारे जे लोक वर्षानुवर्षे तुटपुंज्या वेतनावर राबले, त्यांच्या नेमणुकीचे ठराव आणि हजेरीपत्रके याच हस्तांतरात गहाळ होतात, आणि मग समावेशन करताना ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा त्यांच्या नावापुढे पडतो. आपण उपसरपंच होता, जुने दप्तर कोठे आहे ते आपल्याला ठाऊक असेल. ते यादी करून, सही घेऊन सुपूर्द करा.

प्रश्न : आमचे गाव पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातील पंचायतींसाठीचा विशेष कायदा लागू असलेल्या क्षेत्रात) आहे. तेथे नगरपंचायत करता येते का? — एक वाचक, पालघर जिल्हा

उत्तर : हा प्रश्न राजकारणाचा कमी आणि घटनेचा अधिक आहे. नागरी संस्थांविषयीचा घटनेचा भाग अनुसूचित क्षेत्रांना, म्हणजे घटनेने खास संरक्षण दिलेल्या आदिवासी भागांना, आपोआप लागू होत नाही. संसदेने कायदा करून तो योग्य त्या अपवादांसह व फेरबदलांसह तेथे लागू करावा, असे अनुच्छेद २४३-झेडसी सांगतो. पंचायतींसाठी असा कायदा १९९६ मध्ये झाला, तोच पेसा. नागरी संस्थांसाठी २००१ मध्ये विधेयक मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. तरीही अनुसूचित क्षेत्रातील काही तालुका मुख्यालयांत नगरपंचायती स्थापन झाल्या आहेत. माझ्या मते ज्या गावात ग्रामसभेला जमीन, गौण वनोपज आणि जलसाठे यांवर पेसाने अधिकार दिले आहेत, तेथे त्या अधिकारांना पर्याय दिल्याशिवाय रूपांतर करू नये. आपल्या गावाबाबत प्रारूप अधिसूचना निघाली, तर ग्रामसभेचा ठराव कारणांसह जिल्हाधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत पोचता करा आणि त्याची प्रत राज्यपालांच्या कार्यालयालाही पाठवा, कारण पाचव्या अनुसूचीने अनुसूचित क्षेत्रांची विशेष जबाबदारी त्यांच्यावर सोपवली आहे.